बाराशे रुपयांची तार

तंजावरच्या मेलवीथीला फुटलेल्या एका बोळात एक रायर राहत. रायर हे काही त्यांचं नाव नव्हे. मराठी बोलणाऱ्या घरातल्या माणसाला तमिळ शेजारी रायर म्हणतात, तसे सगळे त्यांना म्हणत आणि तेही ओ देत. एकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावरात मराठी गादी मांडली, तेव्हापासून कारकुनीसाठी, भिक्षुकीसाठी, कीर्तनासाठी जी घरं कावेरीकाठी येऊन राहिली त्यांतलंच हे एक. गादी 1855 साली गेली. कारकुनी मात्र घरात टिकली. रायर स्वतः बँकेत कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले.

2015 च्या दिवाळीत रायरांनी घरातला 21 इंची डबा टीव्ही एक्स्चेंजमध्ये देऊन 43 इंची, भिंतीवर टांगायचा, फुल एचडी टीव्ही आणला. त्यांना ना क्रिकेटचं वेड होतं ना मालिकांचं. त्यांना पाहायचं होतं एकच: वडिलांचं कीर्तन.

वडील भागवतर होते. तमिळ मुलखात हरिकथा सांगणाऱ्याला भागवतर म्हणतात. या हरिकथेचा थाट बराचसा मराठी कीर्तनावरून घडला. साकी, दिंडी, ओवी ही वृत्तं तिथूनच तिच्यात आली आणि तंजावर कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकात ती अशी काही बसवली की, आज ती गाणाऱ्या कित्येकांना मूळ परकं असल्याची शंकाही येत नाही. रायरांचे वडील काही त्या तोलाचे नव्हते. पण पूर्वरंग मराठीत आणि कथा तमिळमध्ये, अशी दोन्ही अंगं सांभाळून ते तास-दीड तास माणसं बसवून ठेवत. 1994 साली नातवाच्या मुंजीत संध्याकाळी त्यांनी कीर्तन केलं, ते व्हिडिओवाल्याने टिपलं, आणि पुढच्या वर्षी ते गेले. त्यांचं हलतं-बोलतं असं घरात तेवढंच उरलं. आधी ते कॅसेटवर होतं, मग 2006 च्या सुमारास डीव्हीडीवर आलं.

पाहुणा आला की रायर ती डीव्हीडी लावत आणि पडद्याकडे बोट दाखवून सांगत, “हे अप्पा. आणि हा मागे टाळ धरून उभा आहे ना, तो मी. दीड तास हललो नाही.” रायरांच्या बायकोला तो टाळवाला कधी कधी आपल्या भावासारखा वाटे. तसं ती एक-दोनदा म्हणालीही. “तुझा भाऊ आणि टाळ?” एवढंच रायर म्हणत, आणि विषय संपे.

तर दिवाळीच्या दिवशी नव्या टीव्हीवर ती डीव्हीडी लागली आणि घर गप्प झालं. भागवतरांचा चेहरा कोणीतरी ओल्या फडक्याने पुसल्यासारखा दिसत होता. लाल उपरण्याच्या काठावर मुंग्या चालत होत्या. हात हलला की त्याच्या कडेला दातेरी रेघा उठत. त्यातून सगळी माणसं जाडी झाली होती. बायकोने स्वतःला पाहिलं आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली.

“एवढे पैसे घालून हे?” रायर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते गांधीजी रस्त्यावर एका दुकानात गेले. दुकानातल्या मुलाने हकीकत अर्धी ऐकली आणि म्हणाला, “सार, वायर मात्तुंगो.” तार बदला. सोन्याचा मुलामा दिलेली, जाड विणीची एचडीएमआय तार, किंमत बाराशे रुपये. रायरांनी ती आणली, प्लेअरच्या मागे एक टोक खुपसलं, टीव्हीच्या मागे दुसरं, आणि खुर्चीत बसले.

“आता बरंच बरं आहे,” ते म्हणाले.

“हो, पुष्कळच,” बायको म्हणाली. बाराशे रुपये गेल्यावर दुसरं काही म्हणायची सोय घरात नसते.

हे बरेपण दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी मुंग्या पुन्हा दिसू लागल्या. मग चष्म्याच्या दुकानात नंबर वाढल्याचं निघालं आणि नवा चष्मा आला. त्यातून चित्राचे दोष आणखी नीट दिसू लागले, एवढाच फरक. समोरच्या घरातले एक गृहस्थ म्हणाले की, डीव्हीडीला टूथपेस्ट लावून गोल गोल घासावी. रायरांनी घासली. त्याआधी कीर्तन निदान अखंड चालत होतं. आता अभंगाच्या मध्यावर चित्र चौकोन चौकोन होऊन थबकू लागलं. (चकती मधून कडेकडे सरळ पुसायची असते. गोल घासलं की ओरखडा लेखनाच्या रेषेतूनच धावतो आणि प्लेअरला पुढचं सापडत नाही. आणि मुळात चकतीवरच्या घाणीने चित्र थबकतं, फुटतं, चौकोनी होतं. ते पुसट कधीच होत नाही. म्हणजे टूथपेस्ट ज्या रोगावर लावली तो रोग चकतीच्या अंगावर नव्हताच.)

बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये असलेला मुलगा, ज्याची ती मुंज होती तोच, पोंगलला घरी आला. त्याने रिमोट हातात घेऊन चित्राचा प्रकार ‘व्हिविड’ केला आणि शार्पनेस शंभरावर नेला. चित्र एकदम चरचरीत झालं. भागवतरांच्या, हार्मोनियमवाल्याच्या, झोपलेल्या पोरांच्या, सगळ्यांच्या डोक्याभोवती पांढरी कड उमटली. तंजावर चित्रांत बाळकृष्णाच्या मागे सोन्याच्या वर्खाची प्रभावळ असते. इथे ती समोरच्या रांगेतल्या केटररलाही मिळाली होती.

“आता कसं?” मुलगा म्हणाला.

रायर काही बोलले नाहीत. त्यांनी चकती काढली, वहाणा घातल्या आणि बोळाच्या टोकाला फुलं विकणाऱ्या पूकारम्माच्या घरी गेले. तिच्याकडे 2006 च्या निवडणुकीनंतर करुणानिधी सरकारने वाटलेल्यांतला 14 इंची रंगीत टीव्ही होता आणि त्याला जोडलेला एक स्वस्तातला प्लेअर. तिथे चकती लावली. टूथपेस्टने थबकायची तिथे ती थबकली, पण एरवी भागवतर छान दिसले. हसले, चिपळ्या वाजवल्या, उपरणं सावरलं. मुंग्या जवळजवळ नाहीत, धुकं नाही.

रायर परत आले ते ठरवूनच. “फुकटच्या टीव्हीवर दिसतं, विकतच्या टीव्हीवर दिसत नाही. हा परत करायचा.”

त्या दिवशी जेवायला अक्का आली होती. रायरांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, साऱ्या जन्माची नोकरी सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे रुमाल वाचण्यात गेली. मोडी भरभर वाचणारी माणसं आता तंजावरात बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे निवृत्तीनंतरही लोक तिच्याकडे कागद घेऊन येत, आणि तिचा स्वभावही कागद हातात घेतल्यासारखाच झाला होता: आधी सगळीकडून पाहायचं, मग घडी उलगडायची. तिने जेवता जेवता सगळी हकीकत ऐकली. हात धुऊन आल्यावर पिशवीतून वही काढली.

“कोणी काय काय केलं ते आधी सांगा. क्रमाने.”

“अक्का, हे टीव्हीचं आहे,” रायर म्हणाले. “मोडीचं नाही.”

“सरफोजीराजांचे डोळ्यांच्या रोग्यांचे कागद तू पाहिलेस का कधी? आमच्याकडेच आहेत.”

रायरांनी पाहिले नव्हते. तंजावरात राहणाऱ्या माणसाने सरस्वती महाल पाहिलेला नसतो, तो पाहुण्यांसाठी असतो. सरफोजी दुसरे, गादीवर 1798 ते 1832, यांना पुस्तकांइतकाच वैद्यकाचा नाद. धन्वंतरी महाल ही औषधशाळा त्यांचीच, आणि त्या काळातले नेत्ररोग्यांचे कागद अजून जपून ठेवलेले आहेत: रोग्याची हकीकत, दुखऱ्या डोळ्याचं हाताने काढलेलं रंगीत चित्र, मग केलेला उपचार. चित्र काढायचं म्हणजे त्या डोळ्याकडे तासभर नुसतं बघत बसणं आलं. अक्काला त्या कागदांत औषधापेक्षा याचंच अप्रूप होतं.

“तुम्ही तार बदललीत, चष्मा बदललात, चकती घासलीत, रंग भडक केलात,” ती म्हणाली. “प्रत्येकाने आपल्याकडे होतं ते औषध दिलं. दुखतंय कुठे, हे कोणी विचारलं?”

मग तिने भाच्याला बातम्यांचं एचडी चॅनल लावायला सांगितलं. चित्र लख्ख होतं. निवेदिकेच्या गालावरची पावडरसुद्धा दिसत होती. अक्काने वहीत लिहिलं: टीव्ही ठीक. खाली लिहिलं: डोळे ठीक. नंतर दुसरी एखादी डीव्हीडी मागितली. एका तमिळ सिनेमाची विकत घेतलेली चकती होती, कोरी करकरीत. ती लावली. त्यातही तांबड्या साडीच्या काठावर मुंग्या, त्यातही नायक जाडा.

“म्हणजे दोष एकट्या चकतीचाही नाही. टीव्हीत नाही, एकट्या चकतीत नाही, तर आधी मधल्या रस्त्यावर बघायचं. रे, मागे वाकून बघ, किती तारा आहेत?”

मुलगा टीव्हीच्या मागे वाकला. बाराशेंची सोनेरी तार होती. आणि तिच्या शेजारी पिवळ्या-तांबड्या-पांढऱ्या टोकांची जुनी तारही होती, जुन्या टीव्हीपासूनची, जशीच्या तशी.

“टीव्ही त्यांतली कोणती वापरतोय?”

मुलाने रिमोटवर सोर्सचं बटण दाबलं. पडद्यावर यादी आली. खूण ‘एव्ही’वर होती.

ही गोष्ट सांगताना इथे थोडं थांबावं लागतं. दिवाळीपासून पोंगलपर्यंत ती सोनेरी तार दोन्ही टोकांनी घट्ट बसलेली होती आणि तिच्यातून या घराला एक ठिपकाही दिसला नव्हता. टीव्हीला दोन्ही दारं होती. कोणत्या दाराने घ्यायचं ते त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून तो आपला जुन्या दाराशी उभा.

“पण तेव्हा बरं दिसलं होतं की!” रायरांची बायको म्हणाली, आणि मग तिलाच हसू आलं. रायरांना आलं नाही. या घराला मी हसणार नाही. महागाचं औषध घेतल्यावर दोन दिवस बरं वाटणारी माणसं मी सगळ्या शहरांत पाहिली आहेत, आणि त्यांत डॉक्टरही होते.

पिवळ्या तारेची हकीकत अशी की, तिच्यात चित्राचा उजेड आणि चित्राचा रंग एकाच धाग्यातून जातात. पलीकडे टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात आणि ते कधीच पुरते वेगळे होत नाहीत. भडक रंगाच्या कडेला सरपटणारे ठिपके दिसतात ते याच भेसळीचे. लहान पडद्यावर हे खपून जातं. एचडीएमआयमध्ये चित्र आकड्यांच्या रूपातच निघतं आणि आकड्यांच्या रूपातच पोचतं. मुलाने सोर्स बदलला. नायिकेच्या साडीवरच्या मुंग्या गेल्या. तो लगेच पुढचं काहीतरी दाबणार, तोच अक्काने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“एका वेळी एक. आधी लिहू दे.”

तिने लिहिलं. मग प्लेअरचा मेनू उघडला. प्लेअर एका नातेवाइकाने अमेरिकेतून आणलेला. त्यात चित्राची पद्धत अमेरिकेची, एनटीएससी, अशी कायमची घालून ठेवलेली होती. मुंजीची डीव्हीडी होती पाल पद्धतीची: 576 ओळी, सेकंदाला 25 चित्रं. एनटीएससीत ओळी 480 आणि चित्रं जवळजवळ 30. म्हणजे हा प्लेअर घरच्या घरी 96 ओळी कमी करत होता, आणि चित्रं कमी पडतात म्हणून काही दोनदा दाखवत होता. भागवतर मधूनच अडखळत चालल्यासारखे दिसत ते त्यामुळे. ‘ऑटो’ केल्यावर चाल सुधारली. अक्काने लिहिलं.

जाडेपणाचं कारण त्याहून सोपं निघालं. मुंजीच्या काळातलं चित्र चारास तीन या मापाचं, पडदा सोळास नऊचा. टीव्हीने रिकामी जागा दिसू नये म्हणून चित्र दोन्ही बाजूंना ओढलं होतं, आणि त्यात प्रत्येक माणूस तृतीयांशाने रुंद झाला होता. माप चारास तीन केल्यावर दोन्ही कडांना काळे पट्टे आले आणि मधली माणसं आपल्या अंगाने उभी राहिली.

“हे राहू दे,” रायरांची बायको म्हणाली. “पट्टे असले तर असले.”

शेवटी शार्पनेस. मुलगा तो खाली आणायला तयार नव्हता. खाली आणलं की चित्र मऊ पडतं असं त्याचं म्हणणं. अक्काने त्याला केटररची प्रभावळ दाखवली आणि विचारलं, “ही मुंजीत होती का?” शार्पनेस वाढवल्याने चित्रात नसलेला तपशील येत नाही, टीव्ही फक्त जिथे गडद आणि फिकट भेटतात तिथे रेघ ओढतो. ‘व्हिविड’ही असाच, दुकानातल्या ट्यूबलाइटच्या झगमगाटात दहा टीव्हींतून आपला उठून दिसावा म्हणून केलेला. तो साधा केला, शार्पनेस उतरवला. पहिली पाच मिनिटं सगळ्यांना चित्र फिकं वाटलं. मग कोणाला काही वाटेनासं झालं.

सिनेमा आता झकास दिसत होता. पण मुंजीची चकती लावली, तर मुंग्या गेल्या, प्रभावळ गेली, माणसं सडपातळ झाली, तरी चेहऱ्यांवर धुकं ते धुकंच. दूर उभे असलेले दोघे-तिघे तर कोण आहेत तेही कळेना.

रायर खिन्न झाले. “मग पूकारम्माकडे कसं दिसलं?”

इथे मुलगा कामाला आला. त्याने वहीच्या मागच्या पानावर गुणाकार मांडला. डीव्हीडीचं चित्र म्हणजे 720 गुणिले 576, 4,14,720 ठिपके. या टीव्हीचा पडदा 1920 गुणिले 1080, 20,73,600 ठिपके. बरोब्बर पाचपट. म्हणजे चित्र पडदाभर ताणलं, तर पाचांतला एकच ठिपका चकतीवरून येतो, बाकीचे चार टीव्ही आजूबाजूला बघून अंदाजाने भरतो.

“वाळवीने खाल्लेल्या पोथीची नक्कल करणाऱ्यासारखं,” अक्का म्हणाली. “शहाणा असला तर अक्षर बरोबर भरतो. पण पाचांतली चार भरायला लागली, तर पोथी त्याचीच होते.”

पूकारम्माच्या छोट्या काचेवर भरण्याचं कामच नव्हतं, आणि जुन्या डबा टीव्हीत ठिपक्यांच्या कडा आपोआप एकमेकींत मिसळत, त्यामुळे दोष लपत. शिवाय रायरांची खुर्ची. तिची जागा कित्येक वर्षं ठरलेली: टीव्हीपासून सहा फूट. जुन्या पद्धतीचं चित्र पडद्याच्या उंचीच्या सहापट लांबून पाहावं, असा साधारण हिशेब आहे. एचडी तीनपट लांबून चालतं. 21 इंची डब्याची उंची फूटभर, म्हणजे सहा फूट अगदी बरोबर. नव्या पडद्याची उंची 21 इंच. डीव्हीडीसाठी सहापट म्हणजे साडेदहा फूट. टीव्ही वाढला, खुर्ची मात्र हलली नव्हती.

खुर्ची मागच्या भिंतीला टेकवली. चित्र चांगलंच सुधारलं. रायरांना मात्र हा उपाय फारसा पटला नाही. त्याला पैसे पडले नव्हते.

“आणि उरलेलं धुकं?” त्यांनी विचारलं.

अक्काने चकतीचं पाकीट हातात घेतलं. त्यावर रायरांच्याच वळणदार कारकुनी अक्षरात लिहिलं होतं: मुंज व गृहप्रवेश, एकत्र.

“किती कॅसेटी होत्या?”

“दोन. तीन-तीन तासांच्या.”

“आणि चकती एक?”

रायर गप्प. स्टुडिओवाला दोन तासांना एक, अशा तीन चकत्या करू म्हणाला होता. यांनी सगळं एकीवर मागितलं. 4.7 जीबीच्या चकतीवर सहा तास बसवायचे म्हणजे सेकंदाला जेमतेम पावणेदोन मेगाबिट वाट्याला येतात, तेही आवाज धरून. डीव्हीडीला एकट्या चित्रासाठी 9.8 पर्यंत मुभा असते. एवढ्या तुटपुंज्या जागेत यंत्र आधी बारीक तपशील टाकून देतं. दूरचे चेहरे, वस्त्राची वीण, हे सगळं त्या दिवशीच गेलं होतं, आणि जे चकतीवर चढलंच नाही ते कोणत्याही तारेतून उतरणार नव्हतं.

“मूळ कुठे आहे?” अक्काने विचारलं.

हा प्रश्न तंजावरात विचारावा असाच आहे. बृहदीश्वराच्या गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणेत लोक कित्येक पिढ्या नायक राजांच्या काळातली भित्तिचित्रं पाहत होते. 1931 साली अण्णामलै विद्यापीठाच्या एस. के. गोविंदस्वामींना त्यांच्या खाली चोळांची चित्रं असल्याचं दिसलं, देवळाच्या उभारणीच्या काळातली, हजार वर्षांमागची. पुढे पुरातत्त्व खात्याने वरचा थरही न फोडता सोडवून वेगळ्या फळ्यांवर चढवला. वरच्यावर रंगाचा नवा हात देणं सोपं होतं, पण मूळ खाली होतं. अक्काची एवढीच शिकवण होती, आणि ती तिने भावाला कधी वाक्यात सांगितली नाही.

मूळ माळ्यावर सापडलं. हळकुंडांच्या डब्यामागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन कॅसेटी. गृहप्रवेशाची ठीक होती. मुंजीच्या कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसत होती. मुलगा म्हणाला, शेजारी अजून एकाकडे व्हीसीआर आहे, आत्ताच लावून बघू. अक्काने कॅसेट काढून घेतली. बुरशी आलेली फीत चालवली की ती यंत्राच्या हेडला लागते, तिथून पुढच्या फितीला. आणि चिकटलेली फीत त्या झटक्यात फाटतेही.

कॅसेट तिरुच्चिरापळ्ळीला अशी कामं करणाऱ्या एका माणसाकडे गेली. त्याने रायरांना पुष्कळ लांब फोन करून समजावलं की फार आशा धरू नका. व्हीएचएस म्हणजे आडव्या ओळीत जेमतेम 240 रेघा टिपणारं माध्यम, त्याचं एचडी कोणी करत नाही. ज्यांना काही विकायचं नसतं ती माणसं अशीच बोलतात, असं रायरांना पहिल्यांदाच वाटलं. त्याने फीत साफ केली, दुसऱ्या कवचात घातली, चांगल्या डेकवर एस-व्हिडिओने, म्हणजे उजेड आणि रंग वेगवेगळ्या धाग्यांनी, उतरवली. तीन तासांच्या दोन चकत्या केल्या, दीड-दीड तासाच्या. मधला काही मिनिटांचा भाग बुरशीने खाल्लेला, तो गेला तो गेला.

रामनवमीला सगळे जमले. अक्का, मुलगा, रायरांच्या बायकोचा भाऊही आला. खुर्च्या मागच्या भिंतीला. चकती लागली.

भागवतर आले. कपाळावरची गोपीचंदनाची रेघ वेगळी दिसत होती, चिपळ्यांच्या झांजा दिसत होत्या, आणि जुन्या चकतीत नुसता करडा ढग होता तिथे माणसं बसलेली होती, ज्याचा त्याचा चेहरा घेऊन. कोणी बोलेना. पूर्वरंग संपून दिंडी सुरू झाली. कॅमेरा थोडा उजवीकडे वळला. भागवतरांच्या मागे टाळ धरून उभा असलेला मनुष्य पुढे झुकला आणि दिव्याच्या उजेडात आला.

तो रायरांचा मेहुणा होता.

कॅमेरा आणखी वळला. खांबाला टेकून, तोंड किंचित उघडं टाकून, अंगावरचं उपरणं घसरलेलं, रायर झोपलेले होते. भागवतरांनी मोठ्याने जयघोष केला, सभेने ओ दिली, तरी ते हलले नाहीत. दीड तास हललो नाही, एवढं त्यांचं म्हणणं खरंच होतं.

मेहुणा सभ्य माणूस. तो छताकडे पाहू लागला. मुलाने रिमोट उलटा करून मांडीवर ठेवला.

“फार जवळून दिसतंय हे,” रायर म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची मागे रेटली. मागे भिंत होती.

रायरांच्या बायकोने पदराने चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि शांतपणे म्हणाली, “त्या तारेचे बाराशे आज फिटले हो.”